पहिल्यांदाच मोठ्या क्रूझला निघताय? बोट निवडण्यापासून उतरेपर्यंत

क्रूझहून परतलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती पडले?" मी म्हणते, हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न, बोटीवर तुमच्याबरोबर माणसं किती होती? दुसरा, एकदा पैसे भरल्यावर पाकीट पुन्हा किती वेळा बाहेर काढावं लागलं? या दोघांची उत्तरं मिळाली की प्रीमियम आणि लक्झरी या शब्दांचा घोळ बराचसा सुटतो.

आम्ही दोघांनी निवृत्तीनंतर दोन क्रूझ केल्या. पहिली व्हँकुव्हरहून अलास्काची, सात रात्रींची, प्रीमियम म्हणतात तसल्या बोटीवर. दुसरी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, ॲड्रिॲटिक समुद्रात, छोट्या लक्झरी बोटीवर. दोन्ही बोटींची नावं सांगत नाही, कारण पुढे थोड्या कुरबुरी येणार आहेत.

आधी बोट, मग मार्ग

बहुतेक जण उलटं करतात. ब्रोशरमधला बर्फाचा डोंगर बघून मार्ग ठरवतात आणि बोट एजंट देईल ती घेतात. पण दिवसाचे निम्म्याहून जास्त तास तुम्ही बोटीवरच काढणार असता.

सगळ्यात मोठ्या, खेळीमेळीच्या बोटी म्हणजे रॉयल कॅरिबियनची 2024 मध्ये सुरू झालेली आयकॉन ऑफ द सीज वगैरे. खोलीत दोनच माणसं धरली तरी 5,600 प्रवासी! पाण्याच्या घसरगुंड्या, स्केटिंग, पोरांचा कल्ला. नातवंडं बरोबर असतील तर खुशाल हीच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. त्यानंतर प्रीमियम: हॉलंड अमेरिका, प्रिन्सेस, सेलिब्रिटी. यांच्या बोटी साधारण दोन-तीन हजार माणसांच्या. हॉलंड अमेरिकाची कोनिंग्सडॅम 2,650 ची आहे. आणि लक्झरी म्हणजे सीबर्न, सिल्व्हरसी, रीजंट. सीबर्न एन्कोरवर सगळे मिळून 600 प्रवासी. या दोहोंच्या मध्ये ओशनिया आणि वायकिंग बसतात. वायकिंगवर 18 वर्षांखालच्या कुणाला घेत नाहीत आणि कॅसिनोही नाही. काहींना हे ऐकूनच हायसं वाटतं.

आता पाकीट. प्रीमियम बोटीच्या भाड्यात खोली, मुख्य जेवणघर, बुफे आणि रात्रीचे कार्यक्रम येतात. टिप वेगळी. ती माणशी दिवसाला सतरा डॉलर धरली तरी दोघांची सात दिवसांची 238 डॉलर होते, आणि अजून तुम्ही वाइनचा एक पेलाही घेतलेला नाही. त्या पेल्यावर 18 ते 20 टक्के सेवाशुल्क. खास रेस्टॉरंटचे वेगळे, वाय-फायचे वेगळे, बंदरावरच्या सहलींचे तर चांगलेच वेगळे. लक्झरीत टिप, मद्य, वाय-फाय बहुधा भाड्यातच असतं. रीजंट बऱ्याचशा सहलीही त्यातच देते, सिल्व्हरसी प्रत्येक खोलीला बटलर देते. तेव्हा दोन बोटींची भाडी शेजारी ठेवून तुलना करू नका. प्रीमियमच्या आकड्यात ही सगळी बेरीज करा आणि मग बघा. फरक उरतोच, पण वाटतो तेवढा नाही. मद्य न घेणाऱ्याने मात्र उलटा विचार करावा. लक्झरीत तुम्ही न प्यायलेल्या शॅम्पेनचे पैसे भरत असता.

माझं मत विचाराल तर पहिली क्रूझ प्रीमियमच करा. छोट्या बोटीवर दुसऱ्याच दिवशी वेटरला माझं नाव पाठ होतं आणि पाण्यात बर्फ नको हेही. सही करायला कागद कुणी पुढे करत नाही, रांग नावाची चीज नाही. पण रात्री दहाला लाउंजमध्ये आम्ही दोघं, पियानोवाला आणि एक डुलक्या घेणारे आजोबा, एवढेच. आमचे हे तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इथे भांडायलासुद्धा कुणी नाही." शांतता आवडणाऱ्याला स्वर्ग, पण आवडते की नाही हे आधी कळलेलं बरं. शिवाय तिथले जुने प्रवासी ओळख झाल्या झाल्या विचारतात, "तुमचे या कंपनीबरोबर किती दिवस झाले?" कुणाचे चारशे, कुणाचे नऊशे. आमचे दोन.

खोली कुठली घ्यायची

आतली खोली, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट, असे चढते भाव. अलास्कासाठी बाल्कनी घ्या, पैसे वसूल होतात. दिवसभर बंदरातच असणाऱ्या भूमध्य समुद्रातल्या सफरीत खिडकीवरही भागतं. एकट्याने जाणार असाल तर तयारी ठेवा, बऱ्याच कंपन्या एका माणसाकडून जवळजवळ दोघांचं भाडं घेतात.

खोली कितव्या डेकवर आहे हे किमतीपेक्षा महत्त्वाचं. बोटीचा नकाशा वेबसाइटवर असतो. तुमच्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे, दोन्ही बघा. वरही खोल्या आणि खालीही खोल्या, हे उत्तम. मी पहिल्या वेळी हौसेने सर्वांत वरची खोली घेतली. डोक्यावर पोहण्याचा तलाव आणि बुफे. पहाटे साडेपाचला खुर्च्या सरकवण्याचा आवाज सुरू व्हायचा, वरच्या मजल्यावर कुणी बिऱ्हाड हलवतंय असा. सात दिवस रोज नवीन बिऱ्हाड.

व्हिसा, आणि 'रोम' नावाचं बंदर

व्हँकुव्हर कॅनडात, अलास्का अमेरिकेत. भारतीय पासपोर्टवर दोन्ही व्हिसा लागतात, आणि कॅनडाचा मल्टिपल-एंट्री असलेला बरा, कारण तुम्ही बाहेर पडून परत येणार असता. "आम्ही सिएटलहून जातोय, मग कॅनडा कशाला?" तर अमेरिकेत 1886 चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतल्या बंदरांमध्येच प्रवासी फिरवून आणता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून सिएटलच्या बोटी बहुधा व्हिक्टोरियाला थांबतात, आणि व्हिक्टोरिया कॅनडात आहे.

ॲड्रिॲटिकमध्ये वेगळी मेख. इटली आणि क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात (क्रोएशिया 2023 पासून), पण मधलं माँटेनेग्रो नाही. तिथे बोट लागली की तुम्ही शेंगेनच्या बाहेर गेलात. सिंगल-एंट्री व्हिसावर परत आत यायची पंचाईत. एजंटने विचारलं नाही तरी तुम्ही विचारा.

वेळापत्रकात शहराचं नाव मोठ्या अक्षरात आणि बंदराचं बारीक अक्षरात असतं. बारीक अक्षरं वाचा. 'रोम' म्हणजे चिविताव्हेक्किया, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, जवळजवळ दोनशे किलोमीटर. 'फ्लोरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. आणि व्हेनिसमध्ये ऑगस्ट 2021 पासून मोठ्या बोटींना जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे, तेव्हा तुमचं 'व्हेनिस' कदाचित रॅव्हेन्ना निघेल. बसमध्येच दोन-अडीच तास.

बॅग भरताना

इस्त्री, किटली, हीटरची कॉइल नेऊ नका. आगीच्या भीतीने हे काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. अमेरिकी बोटींवर खोलीत किटली बहुधा नसते, आणि सकाळी सहाला चहा न मिळालेलं मराठी माणूस काय असतं हे तुम्हाला माहीत आहे. चहा प्रीमिक्सची पाकिटं न्या. रूम सर्व्हिसला फोन करून गरम पाणी आणि गरम दूध मागवायचं. दूध 'गरम' हे दोनदा सांगायचं.

खोलीच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे चार हुक नेले तर टोप्या, जॅकेटं, ओळखपत्रं लटकवता येतात. बाथरूममध्ये बहुतेक ठिकाणी कपडे वाळत घालायला ओढून काढायची दोरी असते. अलास्कासाठी जाड एक कोट नको, तीन पातळ थर न्या आणि वरून पावसाळी जॅकेट. केचिकन गावात कोकणाच्या तोडीचा पाऊस पडतो, आणि तो थंड असतो.

औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. हे मी अनुभवाने लिहिते. मोठी बॅग बंदरावर हमालाकडे दिली की ती तुमच्या खोलीच्या दारात संध्याकाळी येते. आमची यायला साडेसात वाजले. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्यात होत्या.

चढण्याचा दिवस

आदल्या दिवशीच त्या गावी पोहोचा. विमान उशिरा आलं म्हणून बोट थांबत नाही. व्हँकुव्हरला कॅनडा प्लेसवरून, त्या पांढऱ्या शिडांच्या इमारतीतून, चढायचं असतं आणि अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं. दोन-तीन बोटी एका दिवशी असल्या की रांग दादरच्या पुलासारखी. दिलेल्या वेळेच्या फार आधी जाऊन काही मिळत नाही.

चढल्यावर सगळे बुफेकडे धावतात. तुम्ही मुख्य जेवणघर दुपारी उघडं आहे का ते विचारा, बऱ्याच बोटींवर असतं आणि रिकामं असतं.

मग सुरक्षा कवायत. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, 32 माणसं गेली. आदल्या बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले आणि आता कवायत बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर होते. पुष्कळ ठिकाणी फोनवर व्हिडिओ बघून संकटात जमायच्या आपल्या ठरलेल्या जागेवर हजेरी लावायची, पंधरा मिनिटांचं काम. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. आपल्या खोलीपासून त्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालून बघा. लिफ्टने नव्हे.

फोन विमान मोडवर टाका. समुद्रात फोन बोटीचंच नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं.

बोट लागली तर

गाडी लागते तशी बोट लागते. आपल्या भाषेत हा शब्द आहे, कारण मुंबई-गोवा बोटीने आपल्या आज्या-पणज्यांनी हे सगळं भोगलंय. मोठ्या बोटींना दोन्ही बाजूंनी स्टॅबिलायझर म्हणजे माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यामुळे डोलणं बरंच कमी होतं. अलास्काचा इनसाइड पॅसेज तर बेटांच्या आडोशाने जातो. पण व्हँकुव्हर बेट संपल्यावर क्वीन शार्लट साउंड लागतो, तिथे काही तास उघडा समुद्र. मला तेवढ्यातच कळलं.

खालच्या डेकवरची, मधोमध असलेली खोली सर्वांत कमी हलते. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. बाहेर डेकवर जा, क्षितिजाकडे बघा. बोटीवर हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं देतात, माझं काम आलेपाकाने केलं. बोटीवरचा डॉक्टर असतो, पण तो फुकट नसतो. प्रवास विम्यात हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, हे जरूर बघा.

आणि हात साबणाने धुवा. बोटीवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

जेवण

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून द्या, आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगा. जैन जेवण असेल तर काय चालत नाही त्याची यादी द्या, 'जैन' म्हटल्यावर सगळ्यांना कळतंच असं नाही. उद्याचं आज सांगायचं, हा इथला नियम. मग मेनूत नसलेलंही मिळतं.

आम्हाला ते असं कळलं. तिसऱ्या रात्री ह्यांनी चीजच्या चौथ्या प्रकाराकडे बघून सुस्कारा टाकला. पाण्याचा जग घेऊन उभा असलेला मुलगा हसला. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली इंडिया. "काकू, तुमी मुंबैच्या काय?" तो वेंगुर्ल्याचा. आम्ही डोंबिवलीचे, म्हणजे समुद्रात शेजारीच. म्हणाला, "फाल्यां डाळ-भात सांगान ठेवतंय." दुसऱ्या दिवशी चांदीच्या झाकणाखालून खरोखर वरण आलं, वर मोहरी-हिंगाची फोडणी आणि बाजूला लिंबाची फोड. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन बाई वळून वेटरला विचारायला लागल्या, हे मेनूत कुठे आहे?

कोकण-गोव्याची अशी कितीतरी पोरं बोटींवर भेटतात. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात, घरटी एखादा निघतो. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचे, आठवड्याची सुट्टी नाही. काही प्रवासी शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन आपोआप लागलेली टिप काढून टाकायला लावतात, हुशारी म्हणून. कपडे धुणाऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत तिची वाटणी होते. करू नका.

संध्याकाळचे कपडे

सात रात्रींत एक-दोन नटायच्या असतात. पुरुष मंडळी टायच्या गाठी मारत बसतात, आपण पैठणी नेसून पाच मिनिटांत तयार. जिन्यावर तिघींनी थांबवून पदर बघितला. पुरुषांना बंदगळा किंवा झब्ब्यावर जाकीट चालतं. नटायचं नसेल तर त्या रात्री बुफेत जा, कुणी हटकत नाही.

बंदरात उतरल्यावर

बोटीची वेळ आणि गावाची वेळ वेगळी असू शकते. अलास्का व्हँकुव्हरच्या एक तास मागे आहे, फोन आपोआप वेळ बदलतो आणि घोळ होतो. साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावून घ्या. बोटीने आयोजित केलेली सहल उशिरा आली तर बोट सहसा थांबते. तुम्ही स्वतः गेला असाल तर नाही.

म्हणून माझा हिशेब असा: दूर जायचं असेल तर बोटीची सहल, गावात हिंडायचं तर आपलं आपण. अलास्कातल्या स्कॅगवेला, सोनं शोधायला लोकांची झुंबड उडाली त्या काळात, 1898 ते 1900 मध्ये, बांधलेली तीन फुटी रुळांची रेल्वे आहे, वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. ती आधी भरते, घरूनच बुक करा. केचिकनला मात्र छत्री घेऊन क्रीक स्ट्रीटवर चालत फिरलो, पैसा लागला नाही. खाण्याचं काही घेऊन खाली उतरू नका, विशेषतः फळं. दंड होतो.

स्कॅगवेत बारमाही राहणारी माणसं हजारेक. तीन-चार बोटी लागल्या की आठ-दहा हजार प्रवासी उतरतात. तिथे मला पहिल्यांदा वाटलं, गर्दी आपणच असतो. छोट्या बोटीचा फायदा मला माँटेनेग्रोतल्या कोटोरला कळला. तिथल्या चिंचोळ्या खाडीतून बोट पहाटे आत शिरली, दोन्हीकडे डोंगर, मध्ये पाण्यात एक छोटंसं चर्च असलेलं बेट. आम्ही गावाच्या तटाशेजारी धक्क्याला लागलो आणि चालत वेशीत शिरलो. मागून आलेली मोठी बोट खाडीत नांगरून उभी होती, तिचे प्रवासी छोट्या होड्यांतून चाळीस-चाळीस मिनिटं थांबून येत होते. किल्ल्याच्या साडेतेराशे पायऱ्यांपैकी निम्म्या आम्ही तोवर चढलो होतो. उरलेल्या निम्म्या सोडून दिल्या, गुडघे आपले आहेत.

बर्फाचा दिवस

मार्गात ग्लेशियर बे असेल तर त्या दिवशी बंदर नाही, उतरणं नाही. हिमनद्यांच्या या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी असते. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या होडीतून येऊन शिडीने बोटीवर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. बाल्कनी असली तरी निदान तासभर उघड्या डेकवर, नाळेकडे म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे जा. बोट मार्जरी हिमनदीसमोर तासभर रेंगाळते आणि सावकाश फिरते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खोल्यांना दिसतं. ढकलाढकलीचं कारणच नाही.

फोन खाली ठेवा आणि नुसतं बघा. निळसर कड्याचा तुकडा सुटतो, पाण्यात पडतो, तुषार उडतात, आणि सगळं मूकपणे. आवाज नंतर येतो, तोफेसारखा, कारण आपण वाटतो त्यापेक्षा बरेच लांब असतो. पहिल्यांदा मी दचकले ती त्या उशिरानेच.

उतरताना

आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी धक्क्यावर मिळतात. त्याच रात्री टीव्हीवर किंवा ॲपवर बिल तपासा. आम्हाला न प्यायलेल्या दोन बिअर लागल्या होत्या, रात्रीच सांगितल्यामुळे दोन मिनिटांत निघाल्या. सकाळी त्या काउंटरवर पन्नास माणसं होती. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.

आणि बॅगा बाहेर ठेवण्यापूर्वी सकाळी काय घालणार ते पलंगावर काढून ठेवा, चपला-बुटांसकट. आमच्या ह्यांनी शर्ट-पँट आठवणीने ठेवली आणि बूट बॅगेत गेले. बोटीवरच्या पांढऱ्या टॉवेली सपाता घालून ते इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहिले. अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला, मग खाली पाय बघितले, आणि काही न बोलता शिक्का मारला.